आधी टाळी, मग तार

फ्लॅमेंको गिटार शिकू पाहणाऱ्या तरुणाला आज साधनांची वाण नाही. वाद्य दुकानात मिळते. स्पेनमधील नामवंत वादकांची बोटे मोबाइलच्या पडद्यावर हव्या त्या संथ गतीने न्याहाळता येतात. तरीही पुष्कळांच्या बाबतीत असे घडते की, वर्षभराच्या मेहनतीने हातात वेग येतो, फ्लॅमेंको मात्र येत नाही. याचे कारण बोटांत नसून शिक्षणाच्या आरंभात आहे.

फ्लॅमेंको हे मुळात गिटारीचे संगीत नव्हे. ते गाण्याचे संगीत आहे. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात, सेव्हिल, काडिझ, खेरेझ या शहरांच्या परिसरात, रोमा अर्थात जिप्सी समाज व इतर कष्टकरी यांच्या वस्त्यांत ते वाढले. लोहाराच्या भट्टीशी नाते सांगणारा ‘मार्तिनेते’ हा गानप्रकार परंपरेने गिटारीवाचूनच गायिला जातो. टाळ्या आणि मेजावर आपटलेली बोटांची पेरे एवढ्यावर रंगणाऱ्या या मैफलीत गिटार आली ती गाण्याची सोबतीण म्हणून. एकोणिसाव्या शतकात गाण्याची उपाहारगृहे भरभराटीला आली आणि साथीदाराला व्यवसाय मिळाला. पण त्याचे पहिले कर्तव्य गायकाला सांभाळण्याचेच राहिले.

या कर्तव्याचा पाया म्हणजे ‘कोम्पास’, अर्थात तालचक्र. ‘सोलेआ’ या गंभीर प्रकाराचे चक्र बारा मात्रांचे असून जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. आपला एकतालही बारा मात्रांचाच. परंतु त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे आणि सम पहिल्या मात्रेवर. सोलेआत पहिल्या मात्रेवर जोर नसतो आणि स्वरवाक्याचा विसावा बहुधा दहाव्या मात्रेवर येतो. हे असमान चालणे अंगात मुरल्याशिवाय तारेला हात लावणे म्हणजे व्याकरणाआधी वक्तृत्वाची हौस करण्यासारखे आहे. नवशिका मात्र आकर्षित होतो तो ‘बुलेरियास’च्या वेगाकडे. तेही बहुधा बारा मात्रांचेच. परंतु त्या वेगात चुकलेली मात्रा शिकणाऱ्याला ऐकूसुद्धा येत नाही.

उजव्या हाताचे तंत्रही हेच सांगते. बोटे एकामागून एक उलगडत सर्व तारांवरून फिरवण्याच्या ‘रासगेआदो’ने स्वरांइतकाच ठेका उभा राहतो. ‘गोल्पे’ म्हणजे तर गिटारीच्या लाकडावर बोटाने दिलेला सरळ आघात. त्याने लाकूड झिजू नये म्हणून या गिटारीवर संरक्षक पट्टी बसवलेली असते. सारांश, हे वाद्य निम्मे तंतुवाद्य आहे आणि निम्मे तालवाद्य.

थोरांची चरित्रे याहून वेगळे सांगत नाहीत. एकल फ्लॅमेंको वादनाला प्रतिष्ठा देणारे रामोन मोन्तोया यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये एकल वादनाचे ध्वनिमुद्रण केले. पण त्याआधी अनेक वर्षे ते अंतोनियो चाकोन या गायकाची साथ करीत होते. जगभर कीर्ती मिळवलेले पाको दे लुसिया (१९४७–२०१४) पोरवयातच थोरला भाऊ पेपे याच्या गाण्याला साथ देत. पुढे १९६९ पासून कमारोन दे ला इस्ला या गायकासह त्यांनी ध्वनिमुद्रिकांची मालिकाच केली. ज्यांच्या वेगाने आपण दिपून जातो, ते आधी दुसऱ्याच्या श्वासावर कान ठेवायला शिकले होते.

आंदालुसियापासून हजारो मैल दूर असलेल्याने गायक आणायचा कोठून, हा आक्षेप रास्त आहे. रोमा लोकांच्या भाषेचे मूळ भारतात आहे हे भाषाशास्त्राने सिद्ध केले असले, तरी तेवढ्याने हे संगीत आपल्याला आयते कळेल असेही नव्हे. परंतु उपाय हाताशी आहे. एकच प्रकार, शक्यतो सोलेआ, निवडावा. जुन्या गायकांची ध्वनिमुद्रणे लावून काही आठवडे केवळ टाळी धरावी. मग दोन-तीन स्वरमेळांनी साथ करावी. स्वतंत्र वादनाचे तुकडे त्यानंतर यावेत.

युनेस्कोने २०१० साली फ्लॅमेंकोचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. हा वारसा टिकतो तो ऐकणाऱ्या कानांत आणि एकत्र पडणाऱ्या टाळ्यांत. ज्याला दुसऱ्याचे गाणे सांभाळता येत नाही, त्याच्या बोटांच्या चपळाईला कसरत म्हणता येईल. फ्लॅमेंको म्हणता येणार नाही.