हिब्रू व्याकरणाचा अभ्यास आणि मराठी भाषा

मराठी व्याकरणलेखनाचा इतिहास पाहताना दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ मधील व्याकरणाचा उल्लेख येतो. त्याच्या चार वर्षे आधी, १८३२ मध्ये, मुंबईत मराठीतून आणखी एक व्याकरण प्रसिद्ध झाले होते. ते मात्र हिब्रू भाषेचे होते. त्याचे कर्ते स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन.

पूर्वपीठिका

हिब्रू व्याकरणाची शास्त्रशुद्ध मांडणी दहाव्या शतकात स्पेनमधील यहुदा हय्यूज यांनी केली. अरबी वैयाकरणांच्या पद्धतीने विचार करून त्यांनी हिब्रू धातू तीन व्यंजनांचा असतो, हे दाखवून दिले. उदाहरणार्थ, 'क-त-व' या धातूपासून 'कातव' (त्याने लिहिले), 'कोतेव' (तो लिहितो) आणि 'मिख्ताव' (पत्र) ही रूपे होतात. मराठीत आलेला 'किताब' हा अरबी शब्द याच कुळातला. पुढे रॉइखलिन यांनी १५०६ मध्ये लॅटिनमधून, तर गेझेनियस यांनी १८१३ मध्ये जर्मनमधून हिब्रू व्याकरण लिहिले.

बेने इस्राएल समाज आणि मराठी

कोकणातील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. शनिवारचा विसावा, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हिब्रूचे ज्ञान मात्र लोपले होते. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने मात्र या शिक्षणाचा उपयोग स्वतःची परंपरा समजून घेण्यासाठी केला. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम पाहिले.

मराठी भाषकाला हिब्रूची एक गोष्ट सहज उमगते. 'तो लिहितो', 'ती लिहिते' याप्रमाणे हिब्रूतही 'कोतेव', 'कोतेवेत' असा क्रियापदात लिंगभेद होतो. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्याला तो नव्याने समजावून घ्यावा लागतो.

समारोप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिएझर बेन-यहुदा यांच्या प्रयत्नांनी हिब्रू पुन्हा बोलीभाषा होऊ लागली आणि हिब्रूतूनच हिब्रू शिकवण्याची पद्धत रुजली. त्यापूर्वीची शतके हे व्याकरण इतर भाषांच्या आश्रयाने वाढले. त्या भाषांमध्ये अरबी, लॅटिन आणि जर्मनबरोबर मराठीचीही नोंद करावी लागते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'लिही' या मराठी धातूपासून होणारे शब्द आणि 'क-त-व'पासून होणारे शब्द यांच्या घडणीतील फरक स्पष्ट करा.
२. व्याकरण लिहिणाऱ्याचा हेतू आणि ते शिकणाऱ्याचा हेतू वेगळे असू शकतात, हे सोदाहरण लिहा.