रिकाम्या डब्याचे अभयदान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या धर्माचारात सांगितली आहेत. पहिल्या तिहींसाठी आपल्या व्यापारी बंधूंची थैली सदैव मोकळी असते. चौथ्यास द्रव्य थोडे लागते. लागते ती पूर्वतयारी.

खातेगांवाजवळचे नेमावर हे सिद्धक्षेत्र नर्मदेच्या काठी वसले आहे. अमावास्येस तेथे स्नानार्थींची दाटी होते. याच देवास जिल्ह्यात धाराजी येथे ७ एप्रिल २००५ रोजी, भूतडी अमावास्येच्या मेळ्यात, इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्याने नदी अकस्मात चढली व साठांहून अधिक यात्रेकरू प्राणास मुकले. अशा लोंढ्यापुढे आगाऊ सूचना आणि वेळीच मोकळा केलेला घाट हाच उपाय. परंतु एरवी पाय घसरलेला मनुष्य काठापासून दहा-पंधरा हातांवरच बुडतो, आणि त्यास धरावयास उडी घेणारा आप्तही त्याच्या मिठीत सापडून बुडतो.

यावर साधन आपल्या दुकानातच आहे. तेलाचा ५ लिटरचा प्लॅस्टिकचा रिकामा डबा घ्यावा. तो सुमारे ५ किलो भार पाण्यावर तोलतो. देहाचे बहुतेक वजन पाणीच पेलत असल्याने डोके वर ठेवण्यास तेवढा आधार सहसा पुरतो. डब्यात दोन बोटे पाणी ठेवावे, म्हणजे तो वाऱ्याने न भरकटता दूर जातो. झाकण घट्ट लावून बादलीत दाबून पाहावा. बुडबुडे आल्यास तो बाद समजावा. मुठीला २० मीटर पॉलिप्रॉपिलीनचा दोर पक्का बांधावा. हा दोर तरंगतो. सुती व नायलॉनचा बुडतो. पोत्याची सुतळी येथे कामाची नाही.

प्रथम काठावरून बांबू किंवा धोतर पुढे करावे. ते न पोहोचल्यास हाक मारून डबा बुडत्याच्या पलीकडे फेकावा, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. दोर मनगटास कधीही गुंडाळू नये. खाली बसून, पाय रोवून ओढावे. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असल्यास पोट दाबण्यात वा उलटे टांगण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकास कळवून, तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे तत्काळ आरंभावे.

प्रत्येक पेढीने असा एक डबा सिद्ध करून पुढील अमावास्येपूर्वी घाटावर ठेवावा, आणि आपल्या मुलांकडून तो एकदा फेकवून पाहावा, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.