एका तालुक्याचे दोन भाग

बासर हे गाव आपल्याला ज्ञानसरस्वतीच्या मंदिरामुळे परिचित आहे. मुलांच्या अक्षरारंभासाठी मराठी कुटुंबेही तेथे जातात. परंतु भूगोल व नागरिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या गावाकडे आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गोदाकाठचे बासर आज तेलंगणात आहे. तेथून आगगाडीने नांदेडच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात धर्माबाद लागते, ते महाराष्ट्रात. नदी एकच, बाजारात मराठी व तेलुगू दोन्ही भाषा कानी पडतात. भिन्न आहे तो कारभार.

ही भिन्नता फार जुनी नाही. निजामी राजवटीत हा सारा मुलूख एकाच राज्यात होता आणि मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा त्या तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुभीर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याला जोडून आंध्र प्रदेशात घातली गेली. धर्माबादकडील भाग नांदेडकडेच राहिला. उलट आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. भाषेच्या हिशोबाने रेघ ओढली गेली खरी, पण तिच्याबरोबर कर कोणी घ्यावा आणि तो कोठे खर्च करावा हेही ठरून गेले.

या खर्चाविषयी दोन्हीकडे वचने दिली गेली होती, हे ध्यानात ठेवावे. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा व विदर्भ यांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळावा असे ठरले. १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या करारात तेलंगणाचे शिल्लक उत्पन्न तेलंगणातच खर्च व्हावे असे ठरले. दोन्हीकडील लोकांची तक्रार एकच राहिली, की कागद पाळला गेला नाही. महाराष्ट्रात विभागीय अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली. तेलंगणाचे तर २ जून २०१४ रोजी वेगळे राज्यच झाले.

पाण्याचेही तसेच. खाली पोचमपाड येथील धरणाची पायाभरणी १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. वर धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावी लागतात. म्हणजे नदीला सर्वांत जास्त पाणी असते, नेमके तेव्हाच ते अडवता येत नाही!

२०१८ मध्ये तेलंगण सरकारने शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यास आरंभ केला आणि जमीनमालकांना हंगामागणिक एकरी चार हजार रुपये दिले. त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या, अशी मागणी केली. मराठी माणसाला हे ऐकून वाईट वाटेल. पण रात्री ठराविक तास येणाऱ्या विजेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? मात्र एकरी मदतीत मोठ्या जमीनदाराला अधिक मिळते आणि खंडाने शेती करणारा वगळला जातो, हेही पाहिले पाहिजे. आम्हां कोंकणी मुलखातील लोकांना सीमेची ही ओढ नवी नाही. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरील कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा सिंधुदुर्गातील वाहने सीमा ओलांडून टाकी भरून येत.

राज्याच्या सरासरी उत्पन्नावरून मात्र काही ठरवू नये. समजा, दहा घरांच्या वाडीत नऊ घरांचे मासिक उत्पन्न दहा हजार आणि दहाव्याचे एक लाख दहा हजार आहे. सरासरी वीस हजार येते, पण वीस हजारांचे घर एकही नाही! महाराष्ट्रात ते दहावे घर मुंबई-पुणे होय, तेलंगणात हैदराबाद.

अंतराचाही परिणाम होतो. २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले, त्यामुळे त्याचे जिल्ह्याचे ठाणे जवळ आले. हैदराबादही तेथून काही तासांवर आहे. धर्माबादच्या शेतकऱ्याला मंत्रालयात अर्ज द्यायचा झाल्यास अख्खा महाराष्ट्र ओलांडून मुंबई गाठावी लागते.