दाबोळीची धावपट्टी

गोव्यात विमानाने येणाऱ्या प्रवाशाला दाबोळी हा चारचौघांसारखा एक विमानतळ वाटतो. वस्तुतः तो नौदलाच्या घरी उतरलेला पाहुणा असतो. पणजीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, वास्कोजवळच्या पठारावरील ही धावपट्टी नौदलाच्या ‘हंसा’ या तळाच्या ताब्यात आहे. प्रवाशांची इमारत तेवढी विमानतळ प्राधिकरणाकडे. असे का झाले, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

धावपट्टी बांधली पोर्तुगिजांनी. १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. हद्द बंद झाली, रेल्वे थांबली. १९५५ साली दाबोळी सुरू झाली आणि पोर्तुगीज सरकारची विमाने दमण, दीव व कराचीकडे जाऊ लागली. म्हणजे गोवा भारतापासून तोडून ठेवण्यास हीच धावपट्टी कामी आली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. इमारतीस धक्का न लावता फक्त धावपट्टी निकामी करावी, असा हुकूम होता. तरीही त्या रात्री दोन पोर्तुगीज विमाने उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उडून कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. एप्रिल १९६२ मध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी दाबोळी नौदलाच्या स्वाधीन केली.

नौदलाला जमिनीवरची धावपट्टी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. १९६१ मध्येच ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात आली होती. अशा नौकेवरून उड्डाण करायचे तर तिने वाऱ्यास सामोरे जात वेगाने चालावे लागते. बंदरात उभ्या नौकेवर विमाने अडकून पडतात. म्हणून नौका बंदरात शिरण्यापूर्वीच ती किनाऱ्यावरच्या तळावर धाडतात. कोइमतूरजवळ १९६१ मध्ये स्थापन झालेला ‘हंसा’ तळ १९६४ साली दाबोळीस आला तो याच कामासाठी. सी हॉक, अलिझे, १९८३ पासून सी हॅरिअर आणि पुढे मिग-२९के, अशा पिढ्या येथे नांदल्या. नौकेच्या टोकासारखा चढ आणि विमानाचा आकडा पकडणारी तार येथे जमिनीवरच उभारली आहे. नौदलासाठी बनवलेले तेजस २०१४ मध्ये या चढावरून उडाले आणि २०१९ मध्ये त्या तारेत अडकून थांबले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरच्या वडीलधाऱ्यांना दाबोळी म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज, एवढेच ठाऊक. पण या पट्टीवर टॅक्सीवाल्यांची, हमालांची, हॉटेलांतील कामगारांची चूल पेटते. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे तास राखून ठेवल्याने नागरी विमानांना अडचण होत आली. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचे विमानतळ सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक टिकेल का, ही चिंता दक्षिण गोव्यात बोलली गेली. सराव हवाच, आणि चूलही पेटली पाहिजे. या दोहोंचा मेळ घालताना येथे राबणाऱ्या माणसांनाही विचारले जावे, असे मला वाटते.

बोगमाळो रस्त्यावर १९९८ साली उघडलेले नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. कराचीला निसटलेल्या दोहोंपैकी एक विमान सुपर कॉन्स्टेलेशन होते. त्याच जातीचे, आपल्या नौदलाने वापरलेले एक विमान तेथे उभे आहे. पुढील वर्षी आपल्या इतिहास मंडळाने एक सहल तिकडे अवश्य न्यावी.