आमाशयातील अम्लता आणि औषधांचे शोषण

धाराशिव जिल्ह्यात, परंड्यापासून उमरग्यापर्यंत, अम्लपित्त व पांडु या दोन व्याधी एकाच स्त्रीरुग्णात आढळणे आपल्या चिकित्सालयांत नित्याचे आहे. अशा वेळी शंखभस्म आणि पुनर्नवामंडूर वा नवायस लोह एकाच पुडीत दिले जाते. ही पुडी दोन्ही कामे करते काय, याचा विचार येथे आम्ही करीत आहोत.

रिकाम्या आमाशयाचा सामू साधारणतः १ ते ३ असतो. भोजनोत्तर तो काही काळ वाढतो. मंडूर व लोहभस्मातील लोह मुख्यतः फेरिक स्वरूपाचे असते. ते विरघळण्यास अम्ल आवश्यक असते आणि आतड्यात शोषले जाते ते फेरस लोह. शंख, कपर्दिक, मुक्ताशुक्ती व प्रवाळ ही द्रव्ये मात्र कॅल्शियमप्रधान आहेत. ती अम्लाचे शमन करतात. शिवाय कॅल्शियम स्वतःही लोहशोषणास बाधक ठरते. परिणामी दाह शमतो, पांडु रेंगाळतो आणि दोष लोहकल्पाच्या माथी येतो. म्हणून या दोन औषधांत किमान २ तासांचे अंतर असावे. लोहकल्पासोबत चहा वर्ज्य करावा. आवळ्यातील अम्लरस व क जीवनसत्त्व लोहास साह्यभूत होतात.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांची गोष्ट निराळी. ही औषधे अम्लाची निर्मितीच दीर्घकाळ रोखतात. त्यामुळे काही तासांचे अंतर पुरत नाही. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल घेणाऱ्यास ही गोळी चालू असेल, तर कॅप्सूलचे शोषण घटते व गजकर्ण हटत नाही.

टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्या बाबतीत प्रश्न केवळ अम्लतेचा नाही. कॅल्शियम व लोह त्यांना बांधून ठेवतात आणि शोषण खुंटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशा कल्पांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर द्यावे. थायरॉक्सिन व हे कल्प यांत ४ तासांचे अंतर राखावे. आमाशयात न विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्याही अम्लशामकाबरोबर देऊ नयेत. आवरण वेळेआधीच विरघळते.

जाठराग्नी म्हणजे केवळ आमाशयातील अम्ल नव्हे, हे वाचकांस सांगणे नलगे. तथापि शार्ङ्गधराने ५ भैषज्यकाल सांगितले, त्यामागील काळाचे महत्त्व आजच्या मिश्र चिकित्सेत अधिकच जाणवते. वैद्यांनी इतर चालू गोळ्या पाहिल्यावाचून औषधयोजना करू नये. औषधविक्रेत्या बंधूंनी पुडीवर केवळ मात्रा न लिहिता वेळ व अंतरही लिहावे. एवढ्याने अनेक ‘निष्फळ’ औषधे सफल होतील, असे आम्हांस वाटते.