लाचेचा आकडा किती खरा?

मी म्हैसूरहून बोलतोय. लाच घेतली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती, हे मात्र कसं मोजायचं?

२०१७ साली दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजचा अहवाल आला. सरकारी कामात वर्षभरात एकदा तरी भ्रष्टाचाराचा अनुभव आला, असं सांगणारी कुटुंबं कर्नाटकात ७७ टक्के, आंध्रात ७४, महाराष्ट्रात ५७. झालं, आमचं राज्य पहिलं! पण टेहळणीची खबर आली की फौजी माणूस आधी विचारतो: किती जणांनी पाहिलं? स्वतः पाहिलं की ऐकलं?

पाहणी झाली २० राज्यांतल्या सुमारे ३,००० कुटुंबांची. म्हणजे राज्यामागे सरासरी दीडशे. एवढ्या नमुन्यात ७७ चा आकडा सहा-सात टक्के इकडेतिकडे सरकू शकतो. त्यामुळे कर्नाटक पहिलं की आंध्र, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. महाराष्ट्राशी असलेलं २० टक्क्यांचं अंतर मात्र तेवढ्यानं पुसलं जात नाही.

दुसरी गोष्ट, अनुभव वेगळा आणि समज वेगळा. याच पाहणीत देशभरात अनुभव आलेली कुटुंबं ३१ टक्के निघाली. २००५ साली ती ५३ टक्के होती. तरीही भ्रष्टाचार वाढला, असं ४३ टक्क्यांना वाटत होतं. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा दरवर्षी गाजणारा निर्देशांक तर तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवरच उभा असतो. तुमच्या-आमच्या खिशातून किती गेले, हे तो मोजत नाही.

तिसरी अडचण जिभेची. ‘लाच दिलीत का?’ म्हटलं की माणूस ‘छे!’ म्हणतो. ‘चहापाण्याला काही द्यावं लागलं का?’ म्हटलं की मोकळा होतो. त्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे; बळजबरीनं द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तरच सूट. मग अनोळखी माणसासमोर कोण कबूल करणार?

यावर एक युक्ती आहे. उत्तर देणाऱ्यानं गुपचूप नाणं उडवायचं. छाप आला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. शंभरांत साठ ‘हो’ आले, तर त्यातले सुमारे पन्नास नाण्याचे. उरलेल्या पन्नासांत दहा खरे, म्हणजे २० टक्के. कुणाचंही गुपित फुटत नाही.

तेव्हा पुढचा आकडा वाचाल, तेव्हा तीन गोष्टी बघा: किती जणांना विचारलं, अनुभव विचारला की मत, आणि खरं बोलायला आडोसा दिला होता का. जय हिंद!