मारुगेकू : मोकळ्या मैदानावरचे नाट्य

मारुगेकू ही ऑस्ट्रेलियातील नाट्यसंस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. गेड्यांवर, म्हणजे पायांना बांधलेल्या उंच काठ्यांवर, प्रयोग करणाऱ्या स्टॉकर या संस्थेतील मंडळी आणि आदिवासी कलावंत तिच्यात एकत्र आले. सुरुवातीची नाटके आर्न्हम लँड या प्रदेशाच्या पश्चिम भागातील कुनबारलांजा या गावी तेथील कुनविंजकू लोकांबरोबर आकाराला आली.

१९९६ मध्ये पर्थच्या महोत्सवात ‘मिमी’ हे पहिले नाटक झाले. मिमी हे खडकांच्या भेगांत राहणारे, काडीसारखे सडपातळ आत्मे. शिकार आणि चित्रकला माणसाला त्यांनीच शिकवली, अशी कुनविंजकू लोकांची श्रद्धा आहे. त्यांचे लांबलचक हातपाय जुन्या शैलचित्रांत दिसतात. ते रूप उभे करायला गेडी नेमकी उपयोगी पडली. गेडीवरच्या नटाला एका जागी स्तब्ध उभे राहता येत नाही. तोल राखण्यासाठी पावले सतत हलवावी लागतात. मिमींची अस्थिर, वाऱ्याने डुलणारी चाल या अडचणीतूनच मिळते.

पश्चिम आर्न्हम लँडमधील शैलचित्रांत शिडाची जहाजे आणि बंदुकाही आहेत. बाहेरून आलेल्या माणसांची नोंद आदिवासींनी स्वतःच्या हाताने खडकावर करून ठेवली आहे. कुनबारलांजा येथे १९२५ मध्ये ख्रिस्ती मिशन सुरू झाले. ‘क्राइंग बेबी’ या पुढच्या नाटकाने मिशनचा काळ आणि एक पुराणकथा एकत्र गुंफली. कथेतील पोरके मूल रडायचे थांबत नाही. त्या आवाजाने इंद्रधनुष्य-सर्प येतो आणि सगळ्यांना गिळतो. त्या रडण्याला मिशनच्या इतिहासाशेजारी ठेवले की, आईपासून आणि भूमीपासून तुटलेल्या पिढ्यांचे दुःख बोलू लागते.

कथा कोणी सांगायची, याचे आदिवासी समाजात कडक नियम आहेत. म्हणून या कामात चित्रकार आणि कथाकार थॉम्पसन युलिदजिरी यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरले. संहिता आधी लिहून मग परवानगी मागण्याऐवजी कथेच्या वारसदारांबरोबर बसूनच नाटक घडवण्याची पद्धत येथे रुजली. आदिवासी आणि बाहेरून आलेली माणसे यांच्या पहिल्या भेटीचा इतिहास पुष्कळदा आलेल्यांच्या दप्तरांतून सांगितला जातो. येथे तो भेट सोसलेल्यांच्या स्मृतीतून येतो. नाटक मोकळ्या मैदानावर होत असल्यामुळे ज्या जमिनीची ही गोष्ट, ती जमीनही प्रयोगात सामील होते.

पुढे संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील ब्रूम येथे मुक्काम हलवला. रेचेल स्वेन आणि ब्रूमच्याच डलीसा पिग्रॅम यांनी तिचे कलात्मक नेतृत्व केले. २००६ च्या ‘बर्निंग डेलाइट’मध्ये मोत्यांच्या व्यवसायामुळे या गावात एकत्र आलेले आदिवासी, जपानी, चिनी आणि मलाय लोक विषय झाले.